कोहकाटोला निरंक

पाच तारीख जवळ आली की अर्जुनी मोरगावच्या त्या ऑफिसात सगळ्यांची धांदल उडायची, आणि त्या धांदलीचं ओझं शेवटी हिमांशूच्याच मानेवर यायचं. ऑफिस म्हणजे राइस मिलच्या मागच्या दोन खोल्या. संस्था छोटी, पण करार केवढा मोठा! चौसष्ट पानं, पानापानावर दोन-दोन सह्या. जंगलाच्या काठची सदतीस गावं. तिथला हिवताप मोजायचा, आकड्यांचं विश्लेषण करायचं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याचा अहवाल वर दिल्लीला पाठवायचा. करारात हिमांशूच्या पदाला 'माहिती विश्लेषक' असं भारदस्त नाव दिलं होतं. तिकडे आमगावात त्याची आई शेजारपाजारी सांगत फिरायची, पोरगा साहेब झाला म्हणून. साहेब कसला! गावांहून आलेले मळके कागद उलगडायचे आणि लाइट असेल तेव्हा त्यातले आकडे कॉम्प्युटरात टाकायचे, एवढीच साहेबी.

कराराचं अकरावं कलम असं होतं की सदतीसपैकी एका जरी गावाचा आकडा नसला तरी अख्खा अहवाल 'अपूर्ण' म्हणून परत. असे तीन अहवाल परत आले की करार संपला, प्रकल्प बंद, चौदा माणसं घरी. आता तुम्हीच सांगा, भर पावसाळ्यात नाले तुडुंब असताना सदतीसच्या सदतीस कागद वेळेवर कोणत्या देवानं आणून द्यायचे? ज्यानं कोणी हे कलम लिहिलं त्यानं इकडचा श्रावण डोळ्यांनी पाहिलेला नसणार. मग प्रकल्पाचे समन्वयक टेकचंद पटले यांनी तोड काढली. ज्या गावाचा कागद आला नाही, त्या गावापुढे 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. ताप नाही, रुग्ण नाही, शून्य. पुढच्या महिन्यात कागद आला की त्या महिन्याचा खरा आकडा टाकायचा, मागचं कोण उकरत बसतं? हिमांशूला पहिल्यांदा हे लिहिताना जरा टोचलं होतं. मग सवय झाली.

चौदावं कलम गोळ्यांचं. ज्या गावात मागच्या महिन्यात जेवढे रुग्ण, त्या मानानं या महिन्यात तिथल्या गावसेविकेला गोळ्या. आकडा मोठा तर गोळ्या जास्त, आकडा शून्य तर गोळ्याही शून्य. हे कलम ऑफिसात सगळ्यांनी वाचलं होतं आणि अकरावंही वाचलं होतं. दोन्ही एका बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून मात्र कोणीच वाचली नव्हती. हिमांशूनंसुद्धा नाही, आणि त्याला तर पगार वाचण्याचाच मिळत होता.

ही गोष्ट सन दोन हजार सातची. सप्टेंबर संपता संपता वरून एक पत्र आलं आणि पटले सर ते हातात घेऊन सगळ्यांच्या टेबलांवरून मिरवत फिरले. पत्रात कौतुकच कौतुक होतं. आजूबाजूच्या आठ गावांत ताप दुपटीनं वाढलेला असताना कोहकाटोला या एका गावात लागोपाठ दोन महिने शून्य रुग्ण, हे कसं साधलं? याचा अभ्यास व्हायला हवा, इतरांना दाखवायला हवं. चार ऑक्टोबरला पाहुणे येतील, त्यांना ते गाव दाखवावं.

हिमांशूनं पत्र वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अहवालातला आलेख त्यानंच केला होता. आठ गावांच्या उंच उंच पट्ट्या आणि मधोमध एक रिकामी जागा, हे त्याला पडद्यावर दिसलंही होतं. जंगल तेच, नाला तोच, डास काय गावाची वेस ओळखतात? तेव्हाच हे विचारायला हवं होतं. पण पाच तारीख होती, लाइट जायची वेळ झाली होती, आणि त्यानं मनाला समजावलं होतं की पुढच्या महिन्यात बघू.

आवक-जावक दामिनीकडे होती. कोहकाटोल्याचा कागद कधी आलाच नाही का, असं त्यानं तिला विचारलं. तिनं शांतपणे रजिस्टर उलटलं आणि बोट ठेवलं. तीन ऑगस्ट, कोहकाटोला, जुना नमुना, परत. पुढे चार सप्टेंबर, कोहकाटोला, जुना नमुना, परत. नव्या करारासोबत एप्रिलपासून फॉर्म बदलला होता. पहिले तीन महिने जुना चालवून घेतला, पण जुलैपासून जुन्या फॉर्मावर भरलेलं काही घ्यायचं नाही, रकाने जुळत नाहीत, असा पटले सरांचा हुकूम होता. दामिनीनं दोन्ही वेळा वर चिठ्ठी जोडून कागद त्याच एसटीच्या कंडक्टरच्या हाती परत धाडले होते.

"आकडा काय होता त्याच्यावर?" हिमांशूनं विचारलं.

"मी आकडा नाही बघत. मी फॉर्म बघते. आकडा बघायचं काम तुमचं."

खरंच होतं ते. म्हणजे कागद दोनदा या खोलीपर्यंत आले होते, त्याच्या टेबलापासून सहा पावलांवर, आणि त्यानं दोनदा निरंक लिहिलं होतं.

तो पटले सरांकडे गेला. दोन महिने त्या गावात एक गोळी गेलेली नाही, आणि त्या सदतीस गावांचा ताप कराराप्रमाणे आपल्याच अंगावर असल्यामुळे सरकारी माणूसही आता तिकडे फिरकत नाही, हे त्यानं जमेल तसं सांगितलं. सर माणूस वाईट नव्हते. पण चौदा घरं त्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि करार त्यांना पाठ होता. त्यांनी सतरावं कलम काढलं. एकदा पाठवलेला आकडा बदलायचा तर चूक कोणाची ते लेखी द्यावं लागतं, आणि अहवालाखाली नाव हिमांशूचं होतं. मग त्यांनी एकोणिसावं काढलं, प्रकल्पाची माहिती परवानगीशिवाय बाहेर कोणाला सांगायची नाही. म्हणजे सरकारी दवाखान्यात जाऊन बोलायचं नाही, हे त्यांनी वेगळं बजावलं.

"अरे, काही नसेलच तिथं," ते म्हणाले. "असतं तर आतापर्यंत बोंब नसती का झाली? जा, बघून ये, पाहुण्यांसाठी जरा नीटनेटकं करून ये. काही असलंच तर चार तारखेनंतर बघू."

बोंब झाली नाही म्हणजे काही नसेल, हे हिमांशूनं रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. सकाळी त्यानं औषधांचं कपाट उघडलं. सगळ्या गावांचा कोटा जाऊन तळाशी चार पाकिटं उरली होती, चाळीस गोळ्या. एका मोठ्या माणसाला पुरा डोस द्यायचा तर दहा लागतात. चार माणसांचं औषध. तेवढं त्यानं पिशवीत टाकलं, गावसेविकेकडे नवे फॉर्म पोचलेच नसतील म्हणून वीस कोरे फॉर्म घेतले आणि एसटी पकडली.

एसटी नाल्याच्या अलीकडे थांबते. पुढे डोंग्यातून पलीकडे जायचं आणि दीड कोस चालायचं. डोंगेवाला म्हातारा होता. कोहकाटोला म्हटल्यावर त्यानं घाईनं वल्हं उचललं. एरवी हे डोंगेवाले पलीकडे चढून बिडी ओढतात, दोन गोष्टी करतात. यानं हिमांशूला उतरवलं, स्वतः काही काठावर पाय ठेवला नाही.

"तिथलं पानी पिऊ नका, बाबू," एवढं म्हणाला आणि डोंगा वळवला.

वाट बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, धुऱ्यावरून जात होती. हलका, लवकर येणारा धान पिकून पिवळा झाला होता, लोंब्या मानेत मोडल्या होत्या, काही ठिकाणी तर झडून चिखलात पडल्या होत्या. पाखरांचे थवेच्या थवे बसले होते आणि त्यांना हाकलायला एक माणूस नव्हता. हिमांशू धानवाल्यांच्याच मुलखातला. पिकलेला धान असा सोडून माणूस घरात बसत नाही, कितीही आळशी असो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तिसऱ्या बांधीतही तेच, चौथ्या बांधीतही तेच. एका बांधावर विळा पडला होता, गंज चढलेला. त्याची पावलं आपोआप भराभर पडू लागली आणि मग गाव दिसायला लागल्यावर तितकीच जड झाली.

टोला म्हणजे अठ्ठेचाळीस घरांची वस्ती. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. दारोदार खाटा बाहेर काढलेल्या, उन्हात, आणि खाटांवर गोधड्यांचे ढीग. जवळ गेल्यावर कळलं की ढिगांखाली माणसं आहेत आणि ढीग हलताहेत. एका खाटेवर दोन लेकरं एकमेकांना चिकटून पडली होती, त्यांच्या दातांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. हिमांशूनं दोन वर्षं हिवतापाचे आकडे टाकले होते. हिवताप त्यानं असा पाहिला नव्हता.

गावसेविका रुख्मा आपल्या ओट्यावर बसून होती. पस्तिशीची, सातवी शिकलेली बाई, प्रशिक्षणाला आली होती तेव्हा चांगली धडधाकट होती. आता गालफडं बसली होती. तिनं त्याला ओळखलं, उठली, चटई टाकली. तिचा सासरा मंगरू भिंतीला टेकून बसला होता, त्यानं नुसता हात वर केला. दोघांनाही ताप येऊन गेला होता.

"आला ना जी सर," ती म्हणाली. "मी बाबाले म्हनत होती, दोनदा कागद धाडले, कोनी ना कोनी येईन."

हिमांशूनं चार पाकिटं पुढे केली. तिनं ती मोजली, पुन्हा पिशवीकडे पाहिलं, आणखी काही निघतं का म्हणून. नाही निघालं. समोरच्या घरापुढे खाटेवर चैतराम पडला होता, उंचापुरा गडी, पण आता त्याचे डोळे अर्धवट उघडे आणि कोणालाही न पाहणारे. दोन्ही वेळा डोंगा बंद असल्यानं छातीभर पाण्यातून कागद डोक्यावर धरून एसटीपर्यंत तोच गेला होता, असं रुख्मानं सांगितलं. पहिल्या दहा गोळ्यांतल्या चार तिनं त्यालाच कुटून पाजल्या. अर्ध्या ओठावाटे बाहेर आल्या. मग ती उरलेली पाकिटं हातात धरून कोणत्या दारात जावं ते न सुचून रस्त्यात उभी राहिली, आणि त्या दोन लेकरांकडे गेली.

परत आल्यावर तिनं आतून कागद आणले. दामिनीच्या चिठ्ठ्या तशाच टाचलेल्या होत्या. जुलै, ताप नऊ. ऑगस्ट, ताप चोवीस. सप्टेंबरचाही कागद तयार होता, अडतीस. नावं, वयं, तारखा, सगळं सुबक अक्षरात आणि सगळं जुन्या फॉर्मावर. हिमांशूला एकदम राग आला, आपला कमी आणि तिचा जास्त, कारण तो सोपा होता. त्यानं पिशवीतले कोरे फॉर्म काढले आणि नवे फॉर्म नव्हते तर निरोप का नाही धाडला, असं जरा जोरातच विचारलं.

रुख्मा आत गेली आणि एक गठ्ठा घेऊन आली. एप्रिलमध्ये दिलेले नवे फॉर्म, वरचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

"मग जुन्यावर कशाला भरलं, ताई?"

"नव्यात मेल्याचा रकाना नाई ना जी," ती म्हणाली. "मंग त्याईले कुठं लिहू?"

त्यानं पुन्हा कागदाकडे पाहिलं. उजवीकडचा शेवटचा रकाना. जुलैत एक नाव. ऑगस्टमध्ये तीन. सप्टेंबरमध्ये पाच. करारात मृत्यू हा मोजायचा विषय नव्हता, फक्त रुग्ण होता, म्हणून नव्या नमुन्यातून तो रकाना काढला होता. काढला कोणी? हिमांशूनंच. मार्च महिन्यात, त्या कॉम्प्युटरवर. तो रकाना गेल्यावर फॉर्म एका पानावर बसला होता, आणि पटले सरांनी शाबासकी दिली होती, आणि त्याला बरं वाटलं होतं. आता त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की त्या ओट्यावर बसवेना.

मंगरू इतका वेळ ऐकत होता. "कागद तं तुमी घेतले नाई," तो म्हणाला. "मंग आमच्या गावाचं तुमी काय लिहिलं, बाबू?"

काहीही सांगता आलं असतं. लिहिलंच नाही, असं म्हणता आलं असतं. पण म्हाताऱ्याची नजर हलत नव्हती, आणि हिमांशूत तेवढी हिंमत की तेवढा थकवा होता कोण जाणे, तो खरं बोलला.

"निरंक."

"म्हंजे काय होते?"

"म्हणजे इथं कोणालाच ताप नाही."

मंगरूनं मान वळवली आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाटा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आला असता तर हिमांशूला सुटल्यासारखं झालं असतं. म्हाताऱ्यानं डोकं पुन्हा भिंतीला टेकवलं.

बोलली ती रुख्मा. हळू आवाजात, हिशेब जुळवत असल्यासारखी. "सर, मी नव्यावर भरलं असतं, तं गोया आल्या असत्या?"

हिमांशूला वाटलं, आता तरी खोटं बोलावं. पण तिला चौदावं कलम माहीत होतं. प्रशिक्षणात त्यानंच शिकवलं होतं, जेवढा आकडा तेवढ्या गोळ्या.

"आल्या असत्या," तो म्हणाला.

"म्हंजे त्या मेलेल्याईपाई मी..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिचा चेहरा पाहवेना. हिमांशू घाईघाईनं म्हणाला की नाही ताई, तुमचं काही चुकलं नाही, निरंक मी लिहिलं, कागद न बघता मी लिहिलं, रकाना मी काढला. सगळं खरं होतं. पण ती ऐकत नव्हती. तिनं जुलैत मेलेल्या त्या एका माणसाचं नाव कागदावर राहावं म्हणून हट्ट धरला होता, आणि त्या हट्टाची किंमत ती आता घरं मोजून काढत होती.

त्याची तळपायाची आग मस्तकाला गेली, पटले सरांवर, दिल्लीवर, सगळ्यांत जास्त स्वतःवर. एकोणिसावं कलम गेलं खड्ड्यात. हे तिन्ही कागद घेऊन मी आजच सरकारी दवाखान्यात जातो, त्यानं सांगितलं. डॉक्टरपुढे ठेवतो, माझी चूक माझ्या सहीनं लिहून देतो, आजच्या आज गाडी घेऊन येतो. दीड कोस, डोंगा, मग तिथून एसटी, तीही मिळाली तर. बोलता बोलताच त्याला कळत होतं की 'आजच्या आज' हे तो स्वतःलाच ऐकवतो आहे.

"न्या जी," रुख्मा म्हणाली. "पन जुने हायेत ते. तिथूनबी परत आले तं?"

परत येणार नाहीत, तो म्हणाला. दवाखान्यात फॉर्म बघत नाहीत, माणसं बघतात. तिचा काही त्यावर विश्वास बसला नाही, आणि कशावरून बसावा? दोन महिने तिनं माणसंच तर लिहून पाठवली होती. तिनं नव्या गठ्ठ्याचा दोरा सोडला, वरचा फॉर्म घेतला आणि मांडीवर पाटी ठेवून सप्टेंबरची नावं त्यावर उतरवायला बसली. फक्त जित्यांची. पाच नावं तिनं गाळली. प्रत्येक वेळी तिचं पेन थबकत होतं, ओळ सोडून पुढे जात होतं.

हिमांशू बुटाची नाडी बांधून उभा राहिला. तिनं हातानंच थांबा अशी खूण केली, झालंच आता. पान भरत आलं होतं. मग ती एका नावापाशी अडली. बराच वेळ अडली. तिनं मान वर करून समोरच्या घराकडे पाहिलं, पण खाटेच्या आड भिंतीची सावली आली होती आणि तिथून नीट दिसत नव्हतं.

"बाबा," ती सासऱ्याला म्हणाली, "चैतराम हाये का अजून, पाहून या जी. मंग लिहीन."

मंगरू भिंतीला धरून उठला आणि रस्ता ओलांडून पाहायला गेला.